तिसऱ्या टेबलावरची जोडी

घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुऊन काढायच्या, असा आमच्याकडे नेम आहे. त्या दिवशी विहिरीवर आम्ही दोघं शेवटची गोधडी पिळत होतो. जाड गोधडी, आत जुन्या लुगड्यांचे थर, पाणी पिऊन म्हशीएवढी जड झालेली. एक टोक माझ्या हातात, दुसरं बायकोच्या. मी जोर लावत होतो, पण पाणी काही निघेना.

"मी जिकडे फिरवते तिकडेच तुम्ही फिरवताय," ती म्हणाली. "उलटं फिरवा."

"मी बरोबर फिरवतोय. तू उलटं फिरव."

"पाणी पडतंय का खाली? नाही ना? मग तुमचं चुकतंय."

"पाणी पडत नाही तर तुझंही चुकतंय."

शेवटी मीच उलटं फिरवलं आणि पाणी धो धो पडलं. ती नुसती बघत राहिली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट. मग गोधडी झटकता झटकता तिनं जानेवारीतली गोष्ट काढली. "मागच्या स्पर्धेत त्या पारोळ्याच्या पोराला तुम्ही जास्तच गुण दिले."

"मी नाही, आपण दिले."

"मी थकले म्हणून हो म्हटलं."

"मग थकायचं नव्हतं."

गोधडी कुंपणावर टाकली. घरी येऊन भाकर खाल्ली. ती म्हणाली, जरा पडते. चहाच्या वेळेला सूनबाई तिला उठवायला गेली, तर ती उठली नाही. डॉक्टर आला, त्यानं हृदयाचं नाव सांगितलं. त्या संध्याकाळी कुंपणावरच्या गोधड्या कुणी घरात आणल्या ते मला माहीत नाही.

घरात आम्ही अहिराणी बोलतो. वाचणाऱ्याला कळावं म्हणून इथे बोलणं जरा सरळ करून लिहितोय. जिथे सरळ केलं की जीवच जातो, तिथे तसंच ठेवलंय.

आता ती स्पर्धेची गोष्ट काय, ते सांगतो. आमच्या गावच्या हायस्कुलात दर जानेवारीत वादविवाद स्पर्धा होते. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळा येतात. ती सुरू केली गावातल्या कापडवाल्या मारवाडी शेठजींनी. ढाल त्यांनी दिली, पहिल्या वर्षीचं जेवण त्यांनी दिलं, आणि एक नियमही दिला. परीक्षकांची टेबलं तीन. दोन टेबलांवर शिकलेली माणसं, बाहेरगावची. तिसऱ्या टेबलावर गावातलं एक जोडपं, फार शिकलेलं नको. दोघांनी मिळून पन्नासपैकी एकच आकडा द्यायचा. दोघांचं जमलं नाही तर जमेपर्यंत बसायचं. आणि जे काय बोलायचं ते सगळ्यांसमोर, मोठ्यानं. फुसफुस चालणार नाही.

तेव्हाचे हेडमास्तर म्हणाले होते, शेठजी, असं कुठे असतं का? शेठजी म्हणाले, "माझ्या दुकानात असतंय ना. गिऱ्हाईक जोडीनं येतं. मी घंटाभर बोलतो, भाऊ मान हलवतो, आणि बाई म्हणते, चला. झालं, कापड घडी करून फळीवर. भाषण मास्तरला पटलं तर काय पटलं? जोडीला पटलं तर पटलं."

पहिल्या वर्षी त्यांनी आम्हाला का बोलावलं? त्यांच्या दुकानात सर्वांत जास्त भांडणारं गिऱ्हाईक आम्ही होतो. हे त्यांनीच मला तोंडावर सांगितलं.

मी चौथी शिकलो. ती शाळेची पायरी चढली नव्हती. पण पुढं आम्हीच कायमचे होऊन बसलो, कारण लोकांना मजा यायची. पोरं बोलून झाली की हॉलमधली अर्धी माणसं उठून आमच्या टेबलाजवळ यायची. मी म्हणायचो, चाळीस. ती म्हणायची, चाळीस कशाचे, हात हलवायचे? मी म्हणायचो, आवाज बघ. ती म्हणायची, आवाज तर आपल्या रेडकालाही आहे. एकदा तिनं एका पोराला उभं केलं आणि विचारलं, बाळा, तू जे बोललास ते तुझ्या घरी कुणाला तरी सांगितलंस का? पोरगं म्हणालं, नाही, सरांनी लिहून दिलं. ती म्हणाली, मग सरांना गुण देते. हॉल हसला, पोरगंही हसलं, सर तेवढे हसले नाहीत.

शेठजी गेले, दोन हेडमास्तर बदलले, आम्ही बसत राहिलो.

गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि घर हो म्हणायला लागलं. हे कसं सांगू? मी म्हटलं, आज दूध पातळ वाटतंय. सगळे म्हणाले, हो. मी म्हटलं, पंखा बंद करा. थंडी कुणालाच वाजत नव्हती, तरी बंद केला. एक दिवस मी मुद्दाम मुलाला म्हटलं, उद्या ती कपाशी उपटून टाकू. मुलगा नरडाण्याच्या कारखान्यात पाळीनं जातो, घाईत होता, बूट घालता घालता म्हणाला, हो बाबा. कपाशी बोंडांनी भरलेली होती! उभ्या पिकात नांगर घालायला निघालेल्या बापाला पोरगं हो म्हणतं, तेव्हा समजावं की घरात आपण मेल्यातच जमा आहोत. म्हाताऱ्याचं मन दुखवू नका, असं त्यांनी आपसात ठरवलं असणार. चांगल्या मनानंच ठरवलं असेल. पण जिच्याशी माझं रोज वाजायचं ती गेली, आणि तिच्यामागे मला नाही म्हणणारं कुणी उरलं नाही. रडू मला यायचं ते ह्यानं.

संक्रांतीच्या आधी हेडमास्तर सर घरी आले. सोबत नाना. नाना माझा चुलतभाऊ, माझ्याहून थोडा लहान, शाळेच्या कमिटीवर आहे. चहा झाला. सर चांगला माणूस, त्यांना बोलता येईना. नानानंच सुरुवात केली.

"भाऊ, यंदा आपण तुझा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ. वहिनीच्या नावानं दोन मिनिटं उभं राहायचं."

"आणि टेबल?"

"टेबलावर यंदा दुसरं जोडपं बसवू. नियमच जोडप्याचा आहे, त्याला तू काय करणार?"

मी म्हटलं, "शाल नको. माझ्याकडे आहे. टेबल मी सोडणार नाही."

सर म्हणाले, "आबा, मला काही अडचण नाही, पण एकट्यानं…"

तेव्हा नानानं ते सांगितलं. तो वाईट मनानं बोलला नाही, हे आधी लिहितो. बायको नसली की पूजेला पुरुष शेजारी सुपारी मांडून बसतो, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. नाना म्हणाला, "मग शेजारच्या खुर्चीवर सुपारी मांड. सत्यनारायणाला चालते तर भाषणाला का नाही चालणार? रिवाजाप्रमाणे जोडी झाली, तुझा मानही राहिला."

सरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात कप होता. मी तो खाली ठेवला.

"नाना, सुपारी कधी भांडलीये का?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी म्हणेन चाळीस, सुपारी म्हणेल चाळीस. तसला हो-हो ऐकायला मला हायस्कुलात जायची गरज नाही. तो घरीच फुकट मिळतोय."

"मग काय दुसरी बायको करणार या वयात?"

"सूनबाईला बसवतो."

नाना उठूनच उभा राहिला. "सासरा आणि सून? एका टेबलाला? गावासमोर भांडणार? भाऊ, डोकं ठिकाणावर शे का तुन्हं?"

आत स्वयंपाकघरात काहीतरी भांडं पडलं.

सरांनी मधला मार्ग काढला. शेठजींचा मुलगा आता दुकान बघतो, त्याला फोन लावला. नियम शेठजींचा, तर अर्थ त्यांच्या घरानं सांगावा. फोन मोठ्या आवाजावर ठेवला. तिकडून तो म्हणाला, "आबा, आता दुकानात नवरा-बायको कमीच येतात. सासू-सून येते, माय-लेक येते, परवा एक सासरा सुनेला घेऊन आला, तिच्या भावाच्या लग्नासाठी. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. फक्त दोघांनी बोललं पाहिजे. मुकं गिऱ्हाईक मला चालत नाही." आणि तिकडे कुणाला तरी, दाखव रे तो हिरवा, असं म्हणत त्यानं फोन ठेवला.

नाना जाताना म्हणाला, "ती बोलायची नाही. लिहून घे. तुझ्यासमोर ती कधी खाटेवरसुद्धा बसली नाही."

खरंच होतं ते. सूनबाई चाळीसगावची, बारावी शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हापासून डोक्यावरचा पदर माझ्यासमोर कधी ढळला नाही. सासूशी दिवसभर हसायची-बोलायची, मी ओट्यावर आलो की गप्प. सरांची पाठ वळली तशी ती दाराआड येऊन उभी राहिली.

"आबा, माले नही जमनार."

"काय नाही जमणार? बसणं की बोलणं?"

"दोन्ही."

"बसायचं, आणि बसून भांडायचं."

"कोणासंगे?"

"माझ्यासंगे."

ती दाराआड हसली. तिची सासू गेल्यापासून त्या घरात कुणी हसल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण हसली म्हणजे तयार झाली असं नव्हे. रात्रपाळीला निघताना मुलगा म्हणाला, "बाबा, तिला कशाला ओढता यात?" मी म्हटलं, "तुझ्या आईलाही पहिल्या वर्षी ओढूनच नेली होती. दुसऱ्या वर्षापासून ती मला ओढत न्यायला लागली."

मी तिची तयारी घ्यायची ठरवलं. चुलीजवळ जाऊन म्हणायचो काहीतरी वाकडं. एकदा म्हटलं, बट्टी आधी तळायची असते आणि मग उकडायची. खानदेशातलं पाळण्यातलं लेकरू यावर नाही म्हणेल. कणकेचा गोळा आधी उकडतात, मग कापतात, मग तळतात. ती कणीक मळता मळता म्हणाली, "तुम्ही म्हणता तर तसंच करते आबा." मी कपाळावर हात मारून बाहेर आलो.

तरी नेलं. स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये तीन टेबलं मांडलेली. पहिल्यावर धुळ्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक, दुसऱ्यावर जळगावच्या शाळेतल्या एक बाई, आणि तिसऱ्यावर आम्ही. सूनबाईनं खुर्ची टेबलापासून हातभर मागे घेतली आणि कडेला टेकली. मी ती खुर्ची धरून पुढे ओढली. हॉलमध्ये खुसखुस झाली.

यंदाचा विषय होता, लग्नात पंगतच हवी, बुफे नको. विषय चांगला. आमच्याकडे यावरून सोयरिकी मोडायची वेळ येते.

सकाळपासून पोरांच्या जोड्या बोलत होत्या. एक बाजूनं, एक विरुद्ध, मग एकमेकांना प्रश्न. प्रत्येक जोडी संपली की मी सूनबाईकडे बघायचो. "किती?"

"तुम्ही द्याल तेवढे."

"तुला काय वाटलं?"

"तुम्हले जे वाटस तेच माले वाटस."

असं एकदा नाही, दर वेळेला. आमच्या टेबलाभोवती सवयीनं जमलेली माणसं एकेक करून चहाकडे सरकली. तिच्या सासूच्या वेळी जिथे उभं राहायला जागा नसायची, तिथे आता एक कुत्रं येऊन बसलं. पहिल्या रांगेतून नाना सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "भाऊ, यापेक्षा सुपारी बरी व्हती. तिला चहा तरी पाजाना नही लागता!"

हॉल हसला. सूनबाईनं मान आणखी खाली घातली. माझ्या मनात आलं, उठावं आणि तिला घेऊन घरी जावं. कशाला या पोरीचे हाल. पण मी उठलो असतो तर ते टेबल कायमचं गेलं असतं, आणि उद्यापासून माझ्या घरात पुन्हा हो-हो-हो. मी खुर्ची धरून बसलो.

शेवटच्या फेरीत दोघं उरले. पंगतीच्या बाजूनं नानाचा नातू, आमच्याच शाळेचा. बुफेच्या बाजूनं बोदवडची एक मुलगी. गावातलं प्रत्येक पोरगं कुणाचं तरी असतंच. त्या भीतीनं न्याय करायचा नाही म्हटलं तर टेबलच मांडू नये.

नानाचा नातू बोलायला उभा राहिला आणि हॉल जिंकला. उंच पोरगा, खणखणीत आवाज. पंगत म्हणजे काय, तर शेजारी बसलेला गरीब आणि श्रीमंत एकाच पत्रावळीवर. वाढणारा हात म्हणजे आईचा हात. आग्रह म्हणजे आपली संस्कृती. ताट हातात घेऊन रांगेत उभं राहणं म्हणजे पाहुण्याला भिकारी करणं. टाळ्याच टाळ्या. मीही मान हलवली. खोटं कशाला सांगू, मला पटलं.

बोदवडची मुलगी बारीक चणीची. तिच्या बोलण्यात तिकडचा हेल. मागच्या बाकांवरून कुणीतरी नक्कल केली, ती थांबली नाही. ती म्हणाली, "पंगत कुणाची असते ते बघा. पहिल्या पंगतीला वऱ्हाडी पुरुष. दुसऱ्या पंगतीला गावातले पुरुष. मग पोरं. ज्या बायकांनी पहाटेपासून कणीक मळली त्या शेवटी बसतात. तेव्हा वरणात पाणी घातलेलं असतं आणि बट्टी गार दगड झालेली असते. बुफेत बाईला भूक लागली की ती ताट घेते. तिला कुणी 'आता तुम्ही बसा' म्हणायची वाट बघावी लागत नाही."

टाळ्या कमी. हॉलमध्ये पुरुष जास्त होते.

मग प्रश्न. नानाच्या नातवानं विचारलं, "माझ्या आजोबांचे गुडघे दुखतात. ते ताट घेऊन रांगेत कसे उभे राहतील? सांगा!" मुलीनं मान हलवली. मग म्हणाली, "हे तुमचं बरोबर आहे. याचा मी विचार केला नव्हता. म्हाताऱ्यांना खुर्ची-टेबल देऊन वाढलंच पाहिजे." पोरं ओरडली, हरली, हरली! मग तिनं त्याला विचारलं, "तुमच्या घरच्या शेवटच्या लग्नात तुमच्या आईनं कितव्या पंगतीत जेवण केलं?" तो म्हणाला, "आई म्हणजे अन्नपूर्णा! तिची भूक लेकरांना तृप्त बघून भागते!" पुन्हा टाळ्या.

दोन्ही टेबलांनी कागद भरून दिले. आता आमचं. मी पेन काढलं. "पोराला पंचेचाळीस, पोरीला छत्तीस. तिनं भर सभेत चूक कबूल केली. वादात कबूल केलं की संपलं. बरोबर ना?"

सूनबाई माझ्या पेनाकडे बघत होती.

"बरोबर ना?"

"तुम्ही म्हणता तर…"

"मी म्हणतो ते सोड. मी पन्नास वर्षं तुझ्या सासूशी भांडलो, मला माझं म्हणणं पाठ आहे. तू सांग."

"जाऊ द्या ना आबा. बठ्ठा लोके देखी ऱ्हायनात."

"देखू दे. तुला पटलं असेल तर 'पटलं' म्हण आणि मी लिहितो. पण का पटलं ते सांगावं लागेल."

मी कागदावर पेन टेकवलं. तिनं कागदावर बोट ठेवलं. मला लिहू देईना.

"काय?"

"त्या पोऱ्यानं उत्तर दिलं नाही," ती म्हणाली. इतकं हळू, की मलाच वाकावं लागलं.

"मोठ्यानं बोल. शेठजींचा नियम आहे."

"त्यानं उत्तरच दिलं नाही, आबा! तिनं विचारलं, आई कितव्या पंगतीला जेवली. त्यानं सांगितलं, अन्नपूर्णा. हे उत्तर आहे का? त्याला माहीतच नाही. त्यानं कधी बघितलंच नाही."

"माहीत नसेल. पण बोलला झकास."

"रेडिओसुद्धा झकास बोलतो. रेडिओला विचारलं तर उत्तर देतो का?"

चहाकडे गेलेली माणसं वळून बघायला लागली.

मी म्हटलं, "आणि तिनं कबूल केलं त्याचं काय?"

"तिनं ऐकलं म्हणून कबूल केलं. त्यानं कुठे ऐकलं? तो तर पुढचं वाक्य आठवत होता."

"कबुलीचे गुण जातात. सगळीकडे जातात. विचार त्या सरांना."

"जाऊ द्या सगळीकडे! तुम्ही मला इथे कशाला आणलं मग? या घरात आल्यावर पहिलं लग्न तुमच्या पुतण्याचं. मी बट्ट्या वळल्या, सकाळपासून. शेवटच्या पंगतीला बसले तर वरण सरलं होतं. गूळसंगे बट्टी खाल्ली, आणि सगळे म्हणाले, काय झकास पंगत झाली!"

हॉल नानाकडे वळला. लग्न त्याच्याच मुलाचं होतं.

मला तिची बाजू घ्यायची नव्हती. मी तिच्या सासूशीही कधी असा सहज हरलो नाही. मी म्हटलं, "ती तुझी भूक झाली. गुण भाषणाला द्यायचे असतात."

"मन्ही भूक मीच कधी कोणाले सांगितली नही, तुमच्या मुलालेसुद्धा नही. ती बोदवडनी पोर उठीसनी सांगी गयी. हे भाषण नही, तर भाषण काय असस?"

मी पेनाला टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

"किती म्हणतेस?"

"पंचेचाळीस तिला."

"पंचेचाळीस जास्त होतात. आवाज पोचत नव्हता मागे. बेचाळीस."

"चव्वेचाळीस."

"त्रेचाळीस. आणि पोराला चाळीसाच्या खाली मी जाणार नाही. तो बोलला चांगला, हे तुला मान्य करावं लागेल."

"बोलला चांगला," ती म्हणाली. "चाळीस द्या."

आता टेबलाभोवती इतकी माणसं होती की कुत्रं उठून गेलं होतं.

दोन टेबलांनी पोराला पुढे ठेवलं होतं, पण थोडक्यात. आमचा आकडा मिळवला आणि ढाल बोदवडला गेली. मुलगी ढाल घ्यायला आली तेव्हा टाळ्या बायकांच्या बाजूनं आल्या, आणि बराच वेळ आल्या. नंतर धुळ्याचे प्राध्यापक मला म्हणाले, "आबा, मी कबुलीचे गुण कापले. पुढच्या वेळीही कापणार." मी म्हटलं, "कापा. म्हणून तर तीन टेबलं आहेत." ते हसले. सूनबाईला त्यांनी नमस्कार केला, तिनं केला की नाही ते दिसलं नाही, इतकी ती घाईत होती.

घरी येईपर्यंत ती माझ्या दहा पावलं मागे चालली. संध्याकाळी ताट वाढलं. मी जेवत असताना ती दाराजवळ उभी होती. शेवटी म्हणाली, "आबा, मी फार बोलले. चारचौघांत तुम्हाला उलटून बोलले."

"हो, बोललीस."

"तुम्हाला राग आला?"

"आला. त्रेचाळीस जास्तच झाले. बेचाळीसच बरोबर होते."

मला वाटलं आता म्हणेल, तुम्ही म्हणता तर. भाकरीचा तुकडा मी हातातच धरून ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "चव्वेचाळीस बरोबर होते." आणि ताट न्यायला पुढे आली.

सकाळी मी ओट्यावर तोंड धूत होतो तेव्हा नाना आला. चहाही नको म्हणाला.

"भाऊ, रातभर पोरगं जेवलं नाही. गावची ढाल गावात राहिली असती. सख्ख्या चुलतभावाच्या घरातून असं व्हावं? आणि वरून माझ्या घरच्या लग्नाची बट्टी काढली भर सभेत! बोल, का दिलेस कमी गुण?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं. रात्रीच तयार झालं होतं, चांगलं खमंग. भावाला गप्प करायचं म्हटलं तर मला वेळ लागत नाही. सूनबाई अंगणात सडा टाकत होती. नानाला बघून ती बादली घेऊन आत जायला निघाली.

"सूनबाई," मी म्हटलं, "थांब. नाना विचारतोय, गुण कमी का दिले."

"मी तुला विचारतोय," नाना म्हणाला.

"जोडीनं दिलेत. माझं मी काल बोललो, पोराला पंचेचाळीस म्हणालो होतो, तू ऐकलंस. उरलेलं तिचं आहे. तिला विचार."

नानानं तिच्याकडे बघितलं. ती बादली धरून उभी. माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी बोलावं म्हणून. गव्हाला पाणी भरायचं होतं आणि लाईट दुपारपर्यंतच होती. मी टॉवेल खांद्यावर टाकला, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर पडलो.

गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नानाचाच आवाज येत होता. मग तो थांबला, आणि तिचा सुरू झाला. काय बोलत होती ते तिथून कळत नव्हतं. मी वळून बघितलं नाही. मळ्यात जाऊन मोटार सुरू केली.